मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’: समीक्षक खूश, मग चाहते का चिडले?

प्रश्न: तिसरी_घंटा
या अल्बमची २००८ सालची परीक्षणं काढून बघितली तर बहुतेक ठिकाणी कौतुकच आहे. चाहत्यांनी मात्र तो पुन्हा मिक्स किंवा मास्टर करावा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला आणि त्यावर दहा हजारांहून जास्त सह्या पडल्या. अशी दोन टोकं कशी काय? सीडीवर ड्रम जोरात आले की चरचर येते, हेडफोन बदलले तरी तीच. ऐकायचा तर कोणत्या आवृत्तीत?

प्रतिसाद: ताशा_तर्री
हेडफोनला दोष देऊ नका. समीक्षकांसमोर मेटॅलिकाचाच आधीचा, २००३ चा अल्बम ‘सेंट अँगर’ होता: पत्र्याचा डबा बडवल्यासारखा स्नेअर (ड्रमसेटमधला करकरीत ठोक्याचा ड्रम) आणि गिटारचा सोलो एकही नाही. त्यानंतर निर्माता रिक रुबिनने बँडला परत ऐंशीच्या दशकातल्या वळणावर आणलं. सात-आठ मिनिटांची गाणी आली, गिटारिस्ट कर्क हॅमेटचे सोलो परतले. गुण पडले ते रिफना (गिटारच्या पुन्हा-पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना), ध्वनीला नव्हे.

चाहत्यांच्या हाती पुरावा लागला तो ‘गिटार हीरो’ या गेममुळे. गेमला गिटार, बेस, ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर लागतात, त्यामुळे ती गाणी सीडीइतकी चेपलेली (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक पुसून सगळं जोरात केलेली) नव्हती. दोन्हींचे वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) शेजारी ठेवले, तर सीडीचा नुसता विटेसारखा सपाट पट्टा! मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सननेही सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आले तेच चेपलेले होते. म्हणून नुसत्या रीमास्टरने भागणार नव्हतं, रीमिक्सच हवं होतं.

प्रतिसाद: शून्य_डीबी
स्वतः तपासा. सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅक काढा, एमपीथ्री नको. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्ह्यू मेनूतलं ‘शो क्लिपिंग’ चालू करा. याच अल्बममधलं ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ घ्या: सुरुवातीच्या हळू गिटारला काही दिसणार नाही, शेवटच्या वेगवान भागात लाल रेघांची रांग लागेल. आता सुटे सॅम्पल दिसेपर्यंत झूम करा. स्नेअरच्या ठोक्याला टोक हवं, तिथे सपाट गच्ची दिसते. टोक कापलं की मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात, तीच तुमची चरचर. व्हॉल्यूम कमी केल्याने कापलेलं टोक परत येत नाही.

एक फसगत सांगतो. लाल रेघ फक्त शून्य डीबीला (डिजिटल फाइलमधल्या कमाल पातळीला) टेकलेल्या जागी येते. मिक्समध्येच कापून नंतर पातळी थोडी उतरवली असेल तर रेघ नसते, गच्ची मात्र असते.

डीआर मीटरवर (हळू-मोठ्या आवाजातला फरक मोजणारा; आकडा जितका लहान तितकं चेपलेलं) सीडी ३ च्या आसपास येते, गेमची आवृत्ती दहाच्या पुढे. कानांनी तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा. सीडी बरीच खाली आणावी लागते. नाहीतर जे मोठं वाजतं तेच कानाला सरस वाटतं.

प्रतिसाद: बेसवाला_बंड्या
गेमच्या आवृत्तीला उगाच डोक्यावर घेऊ नका. नेटवर फिरतात ती चाहत्यांनी जुळवलेली मिक्स आहेत; कुठे गायकाचा आवाज मागे पडलाय, कुठे ड्रम सुटे-सुटे वाजतात. विनाइलचं (तबकडीचं) डीआर बघूनही भुलू नका. सुईच्या वाचनात फेज सरकते (वेगवेगळे स्वर एकमेकांपासून किंचित पुढे-मागे होतात), त्याने खोटी टोकं उगवतात आणि आकडा फुगतो. मूळ मिक्सच फाटकं असेल तर तबकडी काय शिवणार?

२०१५ मध्ये आयट्यून्ससाठी काढलेली आवृत्ती त्यातल्या त्यात मोकळी आहे, तीच घ्या. आणि समीक्षकांनी एका बाबतीत हात सैल सोडला असं माझं मत: ‘सुइसाइड अँड रिडेम्प्शन’ हे वाद्यसंगीत जवळपास दहा मिनिटं चालतं, तीन मिनिटं सहज कापता आली असती. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ला मात्र हात लावायचा नाही.

तिसरी_घंटा
सीडी घरात आहेच. इक्वलायझरने काही जमेल?

शून्य_डीबी
३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डीबी उतरवा, टोचणं कमी होईल. डीक्लिपर (कापलेली टोकं अंदाजाने पुन्हा बांधणारं साधन) लावलात तर आधी फाइलची पातळी सहा डीबी खाली घ्या. नवीन टोकांना वर जागा नसेल तर ती पुन्हा कापली जातात.