मदत हवी आहे: पोट भरल्यावरही हात थांबत नाही

वय एक्केचाळीस, तरी ताटात चार शितं उरली की अपराधी वाटतं. लहानपणी ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायची सोय नव्हती. रडत बसलेय, समोरचं गार झालंय आणि आई घड्याळाकडे बघतेय, हे अजून डोळ्यांसमोर आहे. काल लेकीच्या ताटातले दोन घास सिंकपाशी उभ्याउभ्या तोंडात टाकले. भूक अजिबात नव्हती!

लेक चार वर्षांची. नवी भाजी दिसली की ओठ घट्ट मिटते. दोन ते सहा या वयात असं होतंच, आणि एखादी चव रुळायला दहा-पंधरा वेळा चाखावी लागते, हे वाचलंय. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचं सूत्रही पटतं: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं, खायचं की नाही, हे मुलांनी.

पण घरात "भाजी संपव, मग गोड" चालूच. (मीही म्हणते, खोटं कशाला बोलू?) त्यानं भाजी शिक्षा ठरते नि गोड बक्षीस. बर्च आणि फिशर या संशोधकांच्या १९९९ च्या प्रयोगातही हातापासून दूर ठेवलेल्या खाऊकडेच मुलं जास्त ओढली गेली होती.

ज्यांनी ताट संपवायचीच ही सवय मोठेपणी मोडली, त्यांनी सुरुवात कुठून केली? आधी कमी वाढून घेणं, की मुद्दाम एक घास टाकून उठणं? आणि आजी-आजोबांना न दुखावता काय सांगितलंत?