गळ टाकायला शिकताना: कमी खर्चातले अनुभव लिहा

हौसेखातर गळ टाकायचा म्हटलं की नवख्याच्या हातात आधी सामानाची यादी पडते. दोन-तीन काठ्या, वेगवेगळी रिळं, पेटीभर रंगीत खोटी आमिषं, वर हे सगळं ठेवायला खास पिशवी. यादी वाचूनच निम्मी मंडळी घरी बसतात. म्हणून हा धागा काढतोय. कमीत कमी पैशांत सुरुवात कशी केलीत, कशावर खर्च केलात आणि कशावर मुद्दाम केला नाहीत, ते सविस्तर लिहा. 'छान छंद आहे' एवढंच लिहून पळू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खर्चाची सुरुवात माशाच्या टोकाकडून करावी. तोंडात जातो गळ, त्याला धरतो दोरा, दोघांना जोडते गाठ. काठीचा नंबर त्यानंतर, रिळाचा सगळ्यात शेवटी. गळ बोथट असेल तर महागडी काठी काय करणार? टोक नखावर हलकेच टेकवून सरकवून बघा. रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर तो गळ बाजूला. छोट्या माशांसाठी ८ ते १२ नंबरचे गळ पुरतात. इथे आकड्यांचा हिशेब उलटा असतो, नंबर वाढला की गळ लहान होतो. १/०, २/० असं लिहिलेले मात्र मोठ्या माशांचे. तिथे आकडा वाढला की गळही वाढतो. लहान गळावर मोठा मासाही लागू शकतो, मोठा गळ लहान माशाच्या तोंडात जातच नाही. शंका असेल तर लहान घ्या.

दोरा साधा नायलॉनचा, तीन-चार किलोचा ताण सोसणारा. विणलेला महाग दोरा सुरुवातीला नको. तो जवळजवळ ताणलाच जात नाही, आणि नवा माणूस हिसका नेहमी जास्तच देतो. नायलॉन थोडा ताणतो, म्हणून सांभाळून घेतो.

बिनरिळाचा

रीळच नको, हे मी कधीपासून सांगतोय! वाळलेला, सरळ, शेंड्याला लवणारा बांबू बघा. दोरा फक्त शेंड्याला बांधू नका. शेंड्यापासून हातभर खाली एक गाठ मारायची, तिथून दोरा बांबूभोवती गुंडाळत वर न्यायचा आणि शेंड्याला दुसरी गाठ. ऐन वेळी शेंडा मोडला तरी मासा दोऱ्यासकट आपलाच राहतो. पाण्याकडे सोडलेला दोरा काठीइतकाच लांब ठेवायचा. जास्त ठेवलात तर काठी उभी केल्यावर मासा हाताला लागत नाही, मागच्या झाडात जाऊन बसतो.

जपानच्या टेनकारा पद्धतीतही रीळ नसतं, दोरा काठीच्या टोकालाच बांधलेला असतो आणि डोंगरी ओढ्यांतले मासे त्यावर पकडतात. तेव्हा रीळ नाही म्हणजे काही कमी आहे, असं समजायचं कारण नाही.

काठावरची

दादांशी अर्धी सहमत. बांबू पोचतो तिथवर ठीक. काठाचा उतार उथळ असेल आणि मासे लांब खेळत असतील तर हात चोळत बसावं लागतं. मी काठी आणि रीळ एकत्र मिळतं तो साधा संच घेतला. सहा-सात फुटांची मध्यम लवचिक काठी, छोटं स्पिनिंग रीळ. बरोबर आलेला दोरा काढून चांगला भरला, म्हणजे धागाकर्त्यांचा नियम पाळलाच की!

दोरा भरताना रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवायची. काठोकाठ भरला की वेटोळी एकदम सुटतात आणि असा गुंता होतो की कात्रीशिवाय इलाज नाही. फेकण्याचा सराव पाण्यावर नाही केला. मोकळ्या मैदानात, गळ काढून, टोकाला लोखंडी नट बांधून. तर्जनीने दोरा धरायचा, रिळावरची दोरा अडवून धरणारी तार उघडायची, काठी पुढे येत असताना बोट सोडायचं. नट पायाशीच आपटला तर बोट उशिरा सुटलं, आकाशात गेला तर लवकर. दोन-चार संध्याकाळी एवढंच केलं.

धागाकर्ता

ताई, ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीला दोरा किती जोरावर सुटू द्यायचा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, किती घट्ट ठेवता? नवे लोक पार आवळून टाकतात.

काठावरची

दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. चार किलोचा दोरा असेल तर साधारण एक किलोच्या ओढीला रीळ सुटू लागलं पाहिजे. भाजीच्या पिशवीत किलोभर काहीतरी घालून दोऱ्याने उचलून बघायचं, ताणकाटा लागत नाही.

जुनंपुराणं

माझं सगळं सामान दुसऱ्याने वापरलेलं. छंद सोडलेल्यांच्या माळ्यावर काय काय पडलेलं असतं! फक्त घेताना नीट तपासावं. काठीच्या कड्यांना बारीक तडा गेलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण दोरा कापतो. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कड्यातून आतल्या बाजूने फिरवा. कुठे तंतू अडकला तर ते कडं गेलं. रिळाच्या तारेपाशी एक छोटी चाकी असते जिच्यावरून दोरा वळतो. ती फिरते का आणि तिच्यात चर पडलाय का, हे बघा. हँडल सावकाश फिरवून कानाशी धरा. करकर आली तर आत वाळू किंवा गंज. पुढच्या बाजूला काठी वाकवून बघायला मालकाने नकार दिला तर व्यवहारच नको.

जुन्या काठीवर भरवसा ठेवा, जुन्या दोऱ्यावर नको. उन्हाने नायलॉन कडक होतो. बाहेरून ठणठणीत दिसतो आणि चांगला मासा लागला की तुटतो.

बूचबुडी

सगळे सामानावरच घसरलेत, म्हणून पाण्याबद्दल लिहिते. बूच लावून मासे धरायचे तर आमिष किती खोल आहे यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं, आणि हे मोजायला पैसे लागत नाहीत. गळाला जड शिसं किंवा नट अडकवायचा आणि बूच असेल तसं पाण्यात सोडायचं. बूच बुडून गेलं तर पाणी अंदाजापेक्षा खोल आहे, बूच दोऱ्यावर वर सरकवा. आडवं तरंगलं तर दोरा जास्त झाला, बूच खाली आणा. नुसता शेंडा वर दिसायला लागला की तळ सापडला. मग शेजारी दोन हातांवर परत. असं करत करत काठाचा नकाशाच डोक्यात बसतो: इथे खड्डा, इथे पायरी, इथे एकदम उतार. मासे अशा पायऱ्यांच्या कडेने फिरतात. माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ उत्तम काठी घेऊन तासन् तास खड्ड्याच्या वर अधांतरी आमिष सोडून बसायचा.

दुसरं, बुचाला पुरेसं वजन लावा. अर्धं बूच पाण्याबाहेर डुलत असेल तर मासा ओढतो, त्याला अडसर जाणवतो आणि थुंकतो. फक्त टोक दिसेल इतकी शिशाची मणी लावायची. मग माशाने नुसतं तोंड लावलं तरी कळतं. बूच दर वेळी बुडतंच असंही नाही. कधी ते हळूच वर उठून आडवं होतं, कारण मासा आमिष घेऊन वर आलेला असतो. तेव्हाही काठी उचलायची.

आणि पाय आपटत येऊ नका हो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, तिने त्याला पाण्यातली कंपनं कळतात. काठावरची धपधप पाण्यात उतरते. मी तर खुर्चीसुद्धा पाण्यापासून दोन पावलं मागे ठेवते.

बाटलीवाला

काठीसुद्धा नको. प्लास्टिकच्या बाटलीला दोरा गुंडाळा, बाटलीचं तोंड पाण्याकडे धरा, दुसऱ्या हाताने वजन गरगर फिरवून सोडा. दोरा बाटलीवरून सुळकन सुटत जातो. क्युबात हातदोऱ्याने भलेमोठे मासे काढतात. बोटाला कापडी पट्टी तेवढी बांधा, नायलॉन कापतो.

दोन पिल्लांची आई

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. आम्ही प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि बोटात गेलाच तर सहज निघतो. काटा न दाबलेला गळ बोटात खोल गेला असेल तर ओढाताण न करता डॉक्टर गाठावा. टोप्या आणि चष्मे सगळ्यांना, मोठ्यांनाही.

शिशाचे मणी मुलं दातांनी दाबतात, ते बंद. शिसं विषारी आहे. पाण्यात पडलेले मणी पक्षी खडे समजून गिळतात. ब्रिटनमध्ये हंस त्याने मरायला लागले म्हणून १९८७ पासून मासेमारीसाठीच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आम्ही छोटे नट आणि वॉशर वापरतो, फुकटात होतं.

मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तोच त्याचं संरक्षण असतो. गळ घशात खोल असेल तर उपटू नका, तोंडाजवळ दोरा कापून सोडा. तसं केल्याने जगायची शक्यता जास्त असते.

धागाकर्ता

गाठीचं राहिलंच. साधी गाठ दोऱ्याची ताकद निम्म्यापर्यंत खाते. क्लिंच गाठ शिकून घ्या: दोरा गळाच्या नेढ्यातून घालायचा, स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं आणि तयार झालेल्या मोठ्या फासातून परत आणायचं. आवळण्याआधी थुंकीने ओलं करायचं, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुखावतो. टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा. कापलेले तुकडे खिशात, पाण्यात किंवा गवतात नाही, पक्ष्यांच्या पायांत अडकतात.

आणि परवाना, बंदीचा काळ, कमीत कमी लांबी हे सगळं जागेगणिक बदलतं. काठी घेण्याआधी ते विचारून घ्या.

उशिरा आलेला

वाचनमात्र होतो, एक शंका. पाव लावला की पाण्यात पडताच सुटतो. गांडूळ लावायला जमत नाही, किळस येते. काय करू?

बूचबुडी

घट्ट कणीक मळा आणि मळताना कापसाचे चार तंतू पिंजून घाला. वाटाण्याएवढी गोळी, गळाचं टोक जेमतेम झाकेल अशी. सकाळी उजाडण्याआधी बसा, तेव्हा मासे उथळात काठाजवळ येतात. आणि कार्बनची काठी असेल तर वर विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी बघा. कार्बनमधून वीज वाहते.