स्वतःचे वाहन न ठेवता पणजीत नोकरी आणि रोजचे जेवण निभावते का?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझी सांगलीहून पणजीला बदली झाली असून कार्यालय पाटो भागात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. मला दुचाकी चालवता येत नाही आणि गाडी घेण्याचा तूर्त विचार नाही. सोबत आई असेल. ती मासे खात नाही, मी खातो. पणजी शहरातली भाडी आवाक्याबाहेरची वाटल्यामुळे पर्वरी, म्हापसा आणि फोंडा अशी तीन ठिकाणे डोळ्यांसमोर आहेत. गोव्याबद्दल पुष्कळ वाचायला मिळते, परंतु ते बहुतेक किनाऱ्यांविषयी आणि भाड्याच्या स्कूटरविषयी असते. रोज सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाचे बसवर भागते का, आणि दुपारचे जेवण बाहेर घ्यायचे झाल्यास काय मिळते, हे तिथल्या रहिवाशांनी सांगावे.

उत्तर : मळेकर

दिवसा निश्चित भागते, रात्री भागत नाही. इथली सार्वजनिक वाहतूक वाईट आहे असे सरसकट म्हणणारे लोक बहुधा रात्री नऊ वाजता बस शोधायला निघालेले असतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत पणजीहून म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को या चारही दिशांना बससाठी फारसे थांबावे लागत नाही. त्यानंतर खाजगी बस झपाट्याने कमी होतात, आणि कदंबच्या, म्हणजे सरकारी महामंडळाच्या, ज्या गाड्या उरतात त्यांची वेळ माहीत असावी लागते. म्हणून घर निवडताना भाडे किंवा अंतर यांच्याआधी त्या मार्गावरची शेवटची बस किती वाजता सुटते हे विचारून घ्या.

तुमची जमेची बाजू अशी की पाटो आणि पणजीचे बसस्थानक एकमेकांना लागून आहेत. बसमधून उतरून कार्यालयापर्यंत चालत जाता येईल, ही सोय ताळगाव पठारावर किंवा बांबोळीला नोकरी करणाऱ्यांना नाही. त्यांना पणजीत उतरून दुसरी बस धरावी लागते. शहरात फिरण्यासाठी 2024 पासून विजेवर चालणाऱ्या बस आल्या आहेत. पूर्वी मिरामार, दोना पावल भागांत खाजगी छोट्या बसवरच सगळी मदार होती, त्या मानाने आता बरे आहे.

कदंब परिवहन महामंडळ 1980 साली सुरू झाले, तरी राज्यांतर्गत मार्गांवर आजही खाजगी बसच अधिक दिसतात. या दोहोंतला फरक पहिल्याच आठवड्यात कळेल. कदंबची शटल ही मधे न थांबणारी सेवा आहे; तिचे तिकीट स्थानकावरच्या खिडकीवर आधी काढायचे, रांगेने चढायचे आणि बसून जायचे. खाजगी बसचा वाहक मात्र दारात उभा राहून ‘म्हापसा, म्हापसा’ असा पुकारा करतो, सगळ्या जागा भरल्या तरी ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे जा) म्हणत आणखी माणसे आत घेतो, आणि स्थानकातून हलायला वेळ लावणारी हीच गाडी एकदा रस्त्यावर आली की पुढच्या गाडीला गाठण्यासाठी अशी पळते की दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाची परीक्षाच होते. पैसे घेऊन तिकीट न देण्याचा प्रकारही अजून संपलेला नाही. तरीही हात दाखवाल तिथे थांबणारी गाडी हीच, आणि खेड्यांतला मोठा भाग तिच्यावरच चालतो, हे मान्य केले पाहिजे.

जेवणाबद्दल तुम्ही समजता त्यापेक्षा आईंची अडचण कमी होईल. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत सोमवारी किंवा गुरुवारी मासळी शिजत नाही, श्रावण तर कडक पाळला जातो, त्यामुळे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाची इथे उत्तम परंपरा आहे. सकाळी पणजीतल्या भोसले किंवा ताटो यांसारख्या जुन्या हॉटेलांत भाजी-पाव घेऊन बघा. पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक म्हणजे रस्साभाजी, नाहीतर दोन भाज्या एकत्र करून ‘मिक्स’; सोबत तळलेली मिरची आणि बन. बटाट्याच्या पातळ भाजीत पाव बुडवून खाणारी माणसे, टेबल वाटून घेणारी अनोळखी मंडळी आणि समोरचा उठण्याची वाट पाहत मागे उभा असलेला तिसरा, असे तिथले रोजचे दृश्य असते. घरी राहणाऱ्या आईंसाठी पदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत पोई आणि उंडे हे पाव घेऊन येतो. पोई कोंड्याची असते आणि ती ताजीच खावी.

उत्तर : तिस्कावरची

मळेकरांनी फोंड्याचे नाव घेऊन सोडून दिले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी फोंड्याहून पणजीला रोज ये-जा करते. अंतर साधारण 30 किलोमीटर असून रस्ता म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारी आणि जुने गोवे असा जातो. सकाळी गर्दी असते, पण बस लागोपाठ असतात. मराठी वाचणाऱ्या, नाटक पाहणाऱ्या माणसाला फोंडा परका वाटत नाही. राजीव गांधी कला मंदिरात नाट्यस्पर्धा असल्या की संध्याकाळी तिकडेच पाय वळतात. आईंना देवळे जवळ आहेत, बाजार पायी करता येतो. माझ्या मते एकट्या वयस्क व्यक्तीला दिवसभर घरी राहायचे असेल, तर महामार्गाच्या कडेला पसरलेल्या पर्वरीपेक्षा फोंडा कितीतरी अधिक माणसात आहे.

पर्वरी नकाशावर अगदी जवळ दिसते, पण तिथल्या उड्डाणपुलाचे काम निघाल्यापासून त्या पट्ट्यात बस कधी पोहोचेल याचा भरवसा राहिलेला नाही. शिवाय पर्वरीतल्या नव्या इमारती आतल्या रस्त्यांवर चढावर आहेत आणि बस महामार्गावर सोडते. पावसात ती चढण छत्री सावरत चढणे ज्याला मान्य असेल त्याने तिथे खुशाल घर घ्यावे.

दुपारच्या जेवणाविषयी मळेकर भाजी-पावातच रमले. तुम्ही मासे खाता म्हणून सांगते : कार्यालयाच्या आसपास थाळी देणारी बरीच ठिकाणे आहेत, आणि साध्या थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), एखादी भाजी, तिसऱ्यांचे किंवा सुंगटांचे (कोळंबीचे) सुके, किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर) आणि सोलकढी असते, तळलेला तुकडा वेगळा मागवायचा. मात्र तुम्ही जूनमध्ये येत आहात. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे इसवण (सुरमई) आणि पापलेट महागतात आणि बर्फातली मासळी ताजी म्हणून पुढे येते. त्या दोन महिन्यांत खाडीची मासळी, खुबे (शिंपल्यांचा एक प्रकार) आणि सुक्या बांगड्याचे किंवा गालम्याचे (बारीक सुक्या कोळंबीचे) किसमूर खावे. इसवणाच्या रवा-फ्रायवरून गोव्याच्या जेवणाची पारख त्या दिवसांत करू नका. आणखी एक : दुपारी एक ते चार या वेळेत पुष्कळ दुकाने बंद असतात. बँकेची, टपालाची कामे जेवणाच्या सुट्टीत उरकून वाटेत खरेदी करू, असा बेत करून येऊ नका.

उत्तर : बेतीपार

पर्वरीवर वरच्या प्रतिसादात थोडा अन्याय झाला आहे. पर्वरीच्या उताराखाली, नदीला लागून बेती आहे. तिथून पणजीला फेरीबोट जाते, पायी प्रवाशाला तिचे भाडे पडत नाही, आणि वाहतूक कितीही तुंबली तरी मांडवीवर कोंडी होत नाही. 1986 मध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पलीकडच्या माणसांना याच बोटींनी तारले होते. तोटा एवढाच की पणजीच्या धक्क्यापासून पाटोपर्यंत नदीच्या कडेने बरेच चालावे लागते. ज्यांना चालायला आवडते त्यांनी बेतीत घर जरूर पाहावे. बाजार लहान आहे, पण रोजचे सगळे मिळते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या. महिन्यातून काही वेळा काम लांबून आठ-साडेआठ होतील, तेव्हा घरी कसे जावे? आणि मिरजेहून येणारी गोवा एक्स्प्रेस मडगावला सोडते, तिथून सामान घेऊन पणजीला येण्याची सोय काय?

उत्तर : मळेकर

मडगावचे रेल्वे स्थानक आणि कदंबचे बसस्थानक एकमेकांजवळ नाहीत. बसस्थानक फातोर्ड्याच्या बाजूला आहे. सामान नसेल तर पायलट घ्या. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल दिसली की तो पायलट, आणि भाडे बसण्याआधी ठरवून घ्यायचे. आईंसोबत सामान घेऊन येताना मात्र टॅक्सीच करावी लागेल. इथे ओला-उबर चालत नाहीत. 2018 पासून गोवा माइल्सचे ॲप आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी. ती मीटरने येईल अशी अपेक्षा ठेवली तर वादच होईल, म्हणून आकडा आधी बोलून घ्यावा. एकट्याने नंतर ये-जा कराल तेव्हा मडगाव-पणजी शटल पुरेशी आहे. नवा जुवारी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला अडकण्याचा जुना त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

उशिराच्या दिवसांबद्दल स्पष्ट सांगतो. फोंड्याला साडेआठनंतर रोज बसवर विसंबून राहणे मला जमले नसते. म्हापसा 13 किलोमीटरवर असल्यामुळे चुकलीच बस तर टॅक्सीचे भाडे निदान सोसवते. तिस्कावरच्या बाईंना हे पटणार नाही.

उत्तर : तिस्कावरची

पटत नाही, पण टॅक्सीच्या हिशेबात तुमचे बरोबर आहे. उशीर महिन्यातून एक-दोनदाच होणार असेल तर फोंडा घ्या, दर आठवड्याला होणार असेल तर म्हापसा. म्हापशालाही बसस्थानक आणि बाजार हाकेच्या अंतरावर आहेत, आणि शुक्रवारच्या बाजारात आईंना भाजीपाला, कडधान्ये, मसाले सगळे एका फेरीत मिळेल. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत मात्र दोन्हीकडे सारखीच पंचाईत होते : हॉटेलांतली माणसे गावी जातात, बसही तुरळक होतात, म्हणून तेव्हाचे सामान आधीच भरून ठेवा.

घर पाहायला रविवारी येऊ नका, कारण त्या दिवशी रस्ते मोकळे आणि बस कमी असतात आणि कशाचाच अंदाज येत नाही. कामाच्या दिवशी या, संध्याकाळी सात वाजता पणजीच्या स्थानकावर उभे राहा आणि ज्या गावाचे घर मनात आहे त्याच गावाच्या बसने तिथे जा. घरमालकाला साडेसातनंतरची वेळ द्या.