ती बाहुली लॉबीतून हलवा

सुजाता (३०४): शिर्के साहेब, शेवटचं विचारते. लॉबीच्या कपाटातली ती बाहुली कधी हलवणार? अर्णव आजही जिन्याने वर आला. पाठीवर दप्तर, अंगभर घाम. लिफ्टपाशी उभं राहायलाच तयार नाही, ती बाहुलीच लिफ्ट अडकवते म्हणतो. जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन गणपतीपुरतं होतं ना? आता दिवाळी आली.

शिर्के (सेक्रेटरी): ताई, ज्याची खेळणी त्याने न्यायची असं ठरलं होतं. कुणीच नेली नाहीत. कमिटीत विषय घेतो 🙏

लता मावशी (२०१): त्याला कमिटी कशाला हवी. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, गेलेल्या माणसाची वस्तू येण्याजाण्याच्या वाटेवर मांडू नये. तेव्हा सगळे हसलात.

निखिल (५०३): मावशी, तिच्या नावाने मेंटेनन्सचं बिल काढा. स्वतःच सोडून जाईल 😄

कदम काका (६०१): लिफ्टची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, जूनमध्ये संपली आहे. नूतनीकरण झालेले नाही. लिफ्ट अडकण्याचा बाहुलीशी संबंध नाही. सेक्रेटरींनी उत्तर द्यावे.

वृंदा (४०२): लता मावशी, गेलेलं माणूस म्हणजे आमची आजीच ना? मग तसं सरळ म्हणा. तुमच्याच घरी दर चैत्रात हळदीकुंकवाला यायची ती.

लता मावशी (२०१): मी ताईंना काही बोलले नाही गं. वस्तूबद्दल बोलले. उगाच अर्थ काढू नकोस.

सुजाता (३०४): वृंदा, आजींबद्दल कुणाच्याच मनात काही नाही. पण वॉचमन मिश्राजी काय सांगतात ते तू एकदा ऐक. रात्री दोन-अडीचला लॉबीत कापराचा वास येतो. त्या वेळी कोण आरती करतंय? बाहुलीचा वर असलेला हात आता खाली आलाय, तो मी स्वतः बघितला. मिश्राजी हल्ली खुर्ची गेटबाहेर घेऊन बसतात. उद्या चोर आला तर?

प्रथमेश (७०४): फॉरवर्ड करतोय, सगळ्यांनी नक्की बघा. अमेरिकेतली ॲनाबेल, झपाटलेली बाहुली. गावोगाव नेऊन लोकांना दाखवली आणि तिला नेणारा माणूसच दौऱ्यावर मेला. लुईझियानात मोठा वाडा जळाला. हसण्यावारी नेऊ नका.

सुजाता (३०४): हाच व्हिडिओ! मुलांच्या ग्रुपवरही हाच फिरतोय.

वृंदा (४०२): प्रथमेश, तुझा फॉरवर्ड बघूनच मुलं आमच्या बाहुलीला ॲनाबेल म्हणायला लागली. गणपतीत हीच मुलं कपाटाला नाक लावून उभी होती.

कदम काका (६०१): लिफ्टची एएमसी जूनमध्ये संपली आहे. पुन्हा निदर्शनास आणतो.

निखिल (५०३): काका, बाहुलीलाच एएमसी द्या. लिफ्टवर तिचं लक्ष आहेच 😂

कदम काका (६०१): निखिल, तुमची दुसरी बाइक अजून माझ्या पार्किंगच्या रेषेत उभी असते. विनोद आधी तिथे संपवा.

निखिल (५०३): काका, तो विषय मागच्या एजीएममध्ये मिटला आहे.

कदम काका (६०१): तुमच्यासाठी मिटला असेल.

शिर्के (सेक्रेटरी): कृपया विषयावर राहा 🙏

मेधाताई (१०२): प्रथमेश, व्हिडिओ पाहिला. त्यात जे गाळलंय ते सांगते. खरी ॲनाबेल सिनेमातल्यासारखी भयानक चेहऱ्याची नाही. लाल लोकरीच्या केसांची साधी कापडी बाहुली आहे, रॅगेडी ॲन नावाची. तिथे घरोघरी असायची. एड आणि लॉरेन वॉरेन या दांपत्याने ती कनेक्टिकटमधल्या मन्रो गावी आपल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवली होती. २०२५ मध्ये तिला दौऱ्यावर काढलं. मे महिन्यात लुईझियानातला नॉटोवे वाडा जळाला, तेव्हा लोकांनी बाहुली हरवल्याची आवई उठवली आणि आगही तिच्याच माथी मारली. बाहुली कनेक्टिकटला जागेवरच असल्याचा व्हिडिओ तिला दौऱ्यावर नेणाऱ्या डॅन रिवेरा यांनी टाकला होता. जुलैमध्ये गेटिसबर्गला वारले ते हेच गृहस्थ. मृत्यू संशयास्पद नसल्याचं आणि बाहुली त्या खोलीत नसल्याचं तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं. एक माणूस गेला आणि त्याच्या मरणाचीही जाहिरात झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रथमेश (७०४): ताई, सगळंच योगायोग कसं असेल? फ्लोरिडात रॉबर्ट नावाचा बाहुला आहे, त्याला तर लोक माफीची पत्रं लिहितात.

मेधाताई (१०२): लिहितात, खरंय. की वेस्टच्या संग्रहालयात आहे तो. १९०४ च्या सुमाराचा, जर्मनीतल्या स्टाइफ कंपनीचा. न विचारता फोटो काढला तर वाईट होतं, अशी त्याची ख्याती. आता अशी ताकीद ऐकून आलेल्या माणसाची घरी गेल्यावर गाडी बिघडली तर तो कुणाला दोष देणार? ज्यांचं काहीच बिघडलं नाही ते कशाला पत्र लिहितील! त्यामुळे संग्रहालयाच्या भिंतीवर येतात ती फक्त एका बाजूची पत्रं. आपल्या लिफ्टचंही तेच चाललंय. ती गणपतीच्या आधीही अडकत होती, तेव्हा आपण मेकॅनिकला शिव्या घालत होतो.

कदम काका (६०१): अगदी हेच मी सकाळपासून सांगतो आहे. एएमसी जूनमध्ये संपली आहे.

लता मावशी (२०१): मेधा, तू शाळेत शिकवलंस, मी नाही शिकवलं. पण कापराच्या वासाचं काय? माझ्या माहेरचे एक गृहस्थ आहेत, नारळ उतरवून देतात. पाच हजार घेतात, पण काम चोख. वर्गणी काढू.

वृंदा (४०२): वर्गणी?? माझ्या आजीच्या बाहुलीवरून नारळ उतरवायला?

मेधाताई (१०२): लता, हे मात्र या ग्रुपवर नको. भुताखेताच्या नावाने लोकांना घाबरवून पैसे काढणाऱ्यांसाठीच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो व्हावा म्हणून दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. आपल्या सोसायटीने वर्गणी काढून असल्या माणसाला बोलवायचं, हे मला सहन होणार नाही.

लता मावशी (२०१): बरं बाई. राहिलं.

कमला अम्मा (७०२): मी मराठीत नीट लिहित नाही, माफ करा. आमच्या घरी नवरात्रात गोलू असतो, तुम्ही सगळे येता, सुंडल खाता. पायऱ्यांवर किती बाहुल्या असतात, काही माझ्या सासूच्या सासूच्या. तेव्हा अर्णव पण येतो. कधी घाबरला नाही.

सुजाता (३०४): अम्मा, तुमच्याकडे दिवे असतात, माणसं असतात. इथे ती एकटी, वरून पांढरा उजेड, आणि बघेल तेव्हा आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. तुम्ही सगळे मला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे झालात. भूत नसेलही. माझं पोर रोज तीन जिने चढतंय ते तरी खरं आहे ना?

मेधाताई (१०२): खरंय, सुजाता. त्याच्या भीतीला कुणी खोटं म्हणत नाही. वृंदा, एक सांग, बाहुली कशाची आहे? प्लास्टिकची?

वृंदा (४०२): प्लास्टिकपेक्षा हलकी आहे, पोकळ. आजीच्या वडिलांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणली होती, आजी तेव्हा पहिली-दुसरीत. पाठीवर "मेड इन ऑक्युपाइड जपान" असं उठावाचं आहे. गालावरचा गुलाबी रंग एका बाजूने उडालाय, आजी त्याच बाजूला पापी घ्यायची म्हणे. मूळचा फ्रॉक फाटला तेव्हा तिने खणाचं परकर-पोलकं शिवलं, बाहीला अर्ध्या बोटाची काठपट्टी आहे. कानामागे एक बारीक चीर आहे, ती मात्र हल्ली वाढल्यासारखी वाटते.

मेधाताई (१०२): मग ती सेल्युलॉइडची असणार. जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाची, म्हणजे १९५२ च्या आतली. सेल्युलॉइड कशापासून करतात माहीत आहे का? नायट्रोसेल्युलोज आणि कापूर.

लता मावशी (२०१): कापूर?

मेधाताई (१०२): हो लता, कापूर. जुनं झालं, उष्ण जागी राहिलं की तो हळूहळू बाहेर पडतो. काचेचं बंद कपाट, आत दिवस-रात्र एलईडी, त्यात ऑक्टोबरचा उकाडा. दिवसा जाण्यायेण्यात, फिनेलच्या वासात कळत नाही. रात्री लॉबी बंद असते तेव्हा वास जाणवतो. मिश्राजी खोटं बोलत नाहीयेत, त्यांना वास येतोच आहे. आणि त्या बाहुल्यांचे हात आतून इलॅस्टिकने ओवलेले असतात. इलॅस्टिक सैल झालं आणि लिफ्टचा दरवाजा आपटून कपाट हादरलं की हात खाली येणारच.

निखिल (५०३): थांबा, हे मला माहीत आहे. टेबल टेनिसचे जुने बॉल सेल्युलॉइडचे असायचे, २०१४ पासून प्लास्टिकचे आले. जुना बॉल फुटला की कापरासारखाच वास यायचा. कॉलेजात एकाने फुटलेला बॉल पेटवला होता, भस्सकन जळाला, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मस्करी करत नाहीये. ही वस्तू पेटते.

मेधाताई (१०२): बरोबर, आणि मला काळजी आहे ती याची. जुन्या सिनेमांच्या नायट्रेट फिल्मही याच घराण्यातल्या. २००३ मध्ये पुण्याला एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत कितीतरी जळून गेल्या. बाहुली आपोआप भडकेल असं मी म्हणत नाही. पण दिवाळीत त्याच कपाटासमोर आपण पणत्यांची रांग लावतो, आणि पोरं तिथेच फुलबाज्या पेटवतात.

सुजाता (३०४): अगं बाई.

प्रथमेश (७०४): मग मी काय म्हणत होतो? हलवाच.

वृंदा (४०२): तू वेगळं म्हणत होतास.

शिर्के (सेक्रेटरी): मी आत्ता एलईडी बंद करून येतो. बाहुली रात्रीतच काढून वृंदाताईंकडे देतो, सकाळी मुलांना दिसायलाच नको.

मेधाताई (१०२): शिर्के, दिवा बंद करा, कपाटाचं दार किलकिलं ठेवा. पण रात्री गुपचूप काढू नका, हात जोडून सांगते. सकाळी कपाट रिकामं दिसलं तर मुलं काय समजतील? ती स्वतःच चालत गेली. मग ती जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, सगळीकडे दिसायला लागेल. अर्णव जिन्यानेही येणार नाही. दिवसाउजेडी, मुलांसमोर काढू. वास घेऊ दे त्यांना. हात कसा ओवलाय ते बघू दे. भीती ज्या जागी बसली, त्याच जागी ती उतरवायला हवी.

सुजाता (३०४): अर्णव येईल का सांगता येत नाही. मी विचारते त्याला. ओढून आणणार नाही.

मेधाताई (१०२): ओढू नकोसच. लांबून बघितलं तरी पुष्कळ.

वृंदा (४०२): रविवारी अकरा वाजता चालेल. मी स्वतः काढीन, बाकी कुणी हात लावू नये. चीर वाढली तर सांधता येणार नाही. ताई, घरी कशात ठेवू? प्लास्टिकच्या डब्यात?

मेधाताई (१०२): डबा नको, हवा कोंडते. साध्या पांढऱ्या कागदात सैल गुंडाळ आणि कोरड्या, गार जागी ठेव, देवघर आणि गॅसपासून लांब. दुसऱ्या खेळण्यांना चिकटून नको.

लता मावशी (२०१): तो खण माझ्याकडचा होता. ताईंनी मागून नेला होता, माझ्या चोळीतला उरलेला. पोलकं काढून ठेव वृंदा, कागदात चुरगळेल.

वृंदा (४०२): मला माहीत नव्हतं मावशी. रविवारी या ना.

लता मावशी (२०१): बघते. गुडघे कसे आहेत त्यावर.

कदम काका (६०१): रविवारी सगळे लॉबीत असणारच आहेत, तर एएमसीचा कागदही तिथेच आणावा. मावशींना दुसऱ्या मजल्यावरून उतरायला लिफ्ट लागते.

शिर्के (सेक्रेटरी): काका, दोन कंपन्यांचे दर आले आहेत, घेऊन येतो. तोवर लॉबीत पणत्या, फुलबाज्या नकोत, तशी नोटीस लावतो.

सुजाता (३०४): मिश्राजींनाही बोलवा. रात्रभर तिथे तेच बसतात, आणि त्यांना अजून कुणी काही नीट सांगितलेलं नाही.

शिर्के (सेक्रेटरी): आत्ता खालीच आहे, बोललो त्यांच्याशी. ड्युटी आठला संपते, पण अकरापर्यंत थांबतो म्हणाले. मेधाताईंनी हिंदीत सांगावं अशी विनंती आहे.

मेधाताई (१०२): सांगते. नाश्त्याला माझ्याकडेच येऊ दे त्यांना.