सोळा-सतराच्या मुलांच्या हाती स्कूटर: कायदा सैल करावा का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका पालकांनी लिहिलं, "मुलगा अकरावीला गेला, आता क्लासला स्कूटरने जाईल, पार्किंगचा स्टिकर हवा आहे." खाली अभिनंदनाचे अंगठे. मुलगा सोळाचा आहे हे सगळ्यांना माहीत, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हा धागा.

आधी कायदा काय आहे ते. मोटार वाहन कायद्यात 16 ते 18 या वयात फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते, तीही पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स काढून. आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या, म्हणजे त्या नकोतच. 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

माझं मत: यातलं एक अक्षरही सैल करू नये. घोडबंदर रोड काय रस्ता आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, मेट्रोचे खांब, बॅरिकेड. कापूरबावडीला डंपरच्या डाव्या बाजूने घुसणारी स्कूटर रोज दिसते. चालवणाऱ्याचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, मागे दोन मित्र, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. नंबरप्लेट वर वाकवलेली, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. ती प्लेट मुलाने वाकवली असेल, पण किल्ली घरच्यांनीच दिली ना?

मानपाड्याची आई

दादा, तुमची कळकळ कळते, पण माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिचा क्लास नौपाड्यात रात्री नऊला सुटतो. स्टेशनपर्यंत चालत यायचं, तिथे शेअर रिक्षाची रांग, आणि रांग संपली की रिक्षावाला म्हणतो "मानपाडा नाही, माजिवड्यापर्यंतच". बस कधी येते, कधी दोन एकदम येतात. आम्ही दोघंही नोकरीवाले, रोज न्यायला जाणं जमत नाही. मुलीने अंधारात तीन पोरांच्या गर्दीत कोंबून बसायचं, हे सुरक्षित आणि स्कूटर असुरक्षित? आणि ही 50 सीसीची गाडी कुठल्या शोरूममध्ये मिळते तेवढं सांगा. कायद्याने सोळाव्या वर्षी दार उघडून दिलंय, पण दारापलीकडे गाडीच नाही. एक तर 110 सीसीपर्यंत परवानगी द्या, वेगाची मर्यादा घाला, मागे कुणी बसू नये म्हणा, लायसन्सची परीक्षा कडक घ्या. शिकवून चालवायला देणं बरं, की चोरून चालवणं?

नेरुळ सेक्टर

ताईंशी सहमत. आणि एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट. 250 वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किमीपेक्षा कमी वेग असलेली बॅटरीची दुचाकी मोटार वाहनच धरली जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. आमच्याकडे आठवीतली मुलं ती घेऊन पाम बीच रोडला जातात. काही दुकानदार वेगाची मर्यादा काढूनही देतात, मग ती गाडी बेकायदाच झाली, पण बघणार कोण? सतराची शिकलेली मुलगी बेकायदा आणि तेराचा हा मुलगा कायदेशीर, हे मला पटत नाही.

सतरा पूर्ण

मी स्वतः सतरा वर्षांचा आहे, ऐरोलीत राहतो. बाल न्याय कायदा 2015 मध्ये आला. त्यात सोळा ते अठराच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. म्हणजे शिक्षेसाठी आम्ही मोठे असू शकतो, पण गाडीसाठी कुणी आमची समज तपासायलाही तयार नाही. बियर 21, दारू 25, गाडी 18. आम्हाला एकदा तरी परीक्षा द्यायची संधी द्या, नापास करा हवं तर. शिवाय चूक बाबांची आणि पंचविशीपर्यंत लायसन्स मला नाही, म्हणजे डिलिव्हरीपासून सेल्सपर्यंत दुचाकी लागणारी कुठलीच नोकरी नाही. गरिबाघरच्या मुलाला ही शिक्षा कैदेपेक्षा जड आहे.

दावेवाला, ठाणे पूर्व

बाळा, मुद्दा चांगला मांडलास. पंचविशीच्या बंदीवर मी तुझ्याबरोबर आहे, ती कमी व्हायला हवी. बाकी नाही.

मी विम्याच्या दाव्यांचं काम करतो. लोकांना वाटतं, विमा आहे ना. लायसन्स नसलेल्या मुलाने कुणाला उडवलं तर अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. ती वसुलीची नोटीस घरी येते तेव्हा रक्कम लाखांत असते. फ्लॅटचं कर्ज फेडणारं घर त्यात मोडतं. आणि हे सगळं समोरचा माणूस वाचला तर.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर त्याला जामीन मिळाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र संतापला. ती कोट्यवधींची गाडी होती म्हणून आपण चिडलो. स्कूटरने मारलेली आजी बातमीतही येत नाही.

घोडबंदरकर

ताई, बसचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. क्लास सुटण्याच्या वेळी नौपाड्याहून मानपाड्याला थेट बस हवी, त्यासाठी मी परिवहनकडे अर्ज द्यायला तयार आहे. पण बस नाही म्हणून मुलांना कंटेनरच्या शेजारी सोडायचं, हे मी मान्य करणार नाही. वेगाची मर्यादा घालू म्हणता, ती मर्यादा कशी काढतात ते वर नेरुळकरांनीच लिहिलंय. सोसायटीच्या गेटवर लायसन्स पाहिल्याशिवाय स्टिकर नाही, हा ठराव मी रविवारच्या सभेत मांडणार आहे.

मानपाड्याची आई

मांडा. आमच्याही सोसायटीत सह्या घेऊ. पण कागद एकच असू दे: गेटवर लायसन्सची तपासणी आणि रात्री दहापर्यंत दर वीस मिनिटांनी बस. नुसत्या तपासणीचा कागद आणलात तर माझी सही मिळणार नाही, आणि आमच्या विंगमधल्या निम्म्या आयांचीही नाही.