लंडन-पॅरिस: परतीचं विमान वीस मिनिटांत कसं पोचतं?

नमस्कार मंडळी,
आईबाबा जूनमध्ये पुण्याहून येतायत, त्यांना चार दिवस पॅरिस दाखवायचंय. विमानाची तिकिटं बघत होते तर जाताना हीथ्रोहून ९ ला निघून ११:२० ला पोचतं आणि येताना १० ला निघून १०:२० ला लंडन! अंतर तेच ना, मग हे कसं काय? बाबांचे गुडघे दुखतात म्हणून कमीत कमी वेळाचं बघतेय. आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. हल्ली कोणी केलाय का हा प्रवास?

---

अगं, पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे आणि तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात, म्हणून जाताना तास वाढतो नि येताना कमी होतो. खरा वेळ दोन्हीकडे १ तास २० मिनिटंच. त्यातही हवेत पाऊण तास-पन्नास मिनिटं असतं, बाकी सगळं धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात जातं. अंतर सरळ रेषेत साधारण ३४४ किलोमीटर, म्हणजे तसं काहीच नाही.

पण तू हा १ तास २० धरू नकोस गं, हॅरोहून हीथ्रोला जायचं म्हणजे रेनर्स लेनला पिकॅडिली लाइनची मेट्रो पकडून अॅक्टन टाउनला बदलायचं, सव्वा तास तिथेच, मग दोन तास आधी पोचायचं, आणि तिकडे चार्ल्स द गॉल विमानतळ शहराबाहेर २५ किलोमीटरवर, बॅगा घेऊन परत लोकल. घर ते हॉटेल सहा तास गेलेच समज. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्या विमानापेक्षा विमानतळांवर चालूनच थकल्या, मला फार वाईट वाटलं.

युरोस्टारने ने त्यांना, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणाऱ्या रेल्वेने. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस, अर्धा तास. युरोस्टार तिथूनच सुटते, सुटायच्या सव्वा तास तरी आधी पोच, पुढे साधारण २ तास २० मिनिटांत पॅरिसचं गार द्यू नोर स्टेशन, ते भर शहरात आहे. एकूण चार तासांच्या आसपास. ताशी ३०० किलोमीटरने पळते, बोगद्यात वेग कमी करतात. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ समुद्राखाली, १९९४ साली सुरू झालेला. बाबांना हे आधी सांगून ठेव, नाहीतर बोगद्यातल्या वीस मिनिटांत बाहेर नुसता अंधार बघून समुद्र कधी लागणार विचारत बसतील.

---

काकांचं बरोबर आहे, पण त्याआधी व्हिसा बघ ताई! यूकेचा व्हिसा पॅरिसला चालत नाही, शेंगेन, म्हणजे फ्रान्ससकट बऱ्याच युरोपीय देशांचा मिळून एकच व्हिसा, वेगळा लागतो, आणि अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा असतो, म्हणून आईबाबांनी पुण्याहूनच करून यावं. फ्रान्सचं पासपोर्ट चेकिंग सेंट पँक्रसलाच होतं, त्यामुळे कागद नसतील तर गाडीत चढताच येत नाही.

आणि खाऊ. युरोस्टारमध्ये द्रवपदार्थांना १०० मिलीची अट नाही, बाबांची औषधाची मोठी बाटली बॅगेत राहू दे. चिवडा-चकली बिनधास्त न्या, पण तूप आणि पनीर नको, इथून तिकडे दुधाचे नि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

---

काका, वहिनी, खूप आभार! शेंगेनचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज रात्रीच बाबांना फोन करते, तिकिटं व्हिसा हातात आल्यावर.