अनुभव धागा: मेटॅलिकाच्या 'जस्टिस'मधला बेस तुम्हाला ऐकू आला का?

'...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) हा मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा माझा सगळ्यात लाडका अल्बम, आणि त्यातला बेस (खालच्या सुरांची गिटार) जवळजवळ ऐकूच येत नाही याचा राग आजही जात नाही. १९८६मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडसोबतचा हा पहिला पूर्ण अल्बम. मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याचं काम) करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे मुलाखतीत सांगितलं, की ड्रमर लार्स उलरिकनेच बेस खाली घ्यायला लावला. नव्या माणसाशी असं वागायला नको होतं. तुमचे अनुभव लिहा, सविस्तर लिहा.

नाशिक
भावाच्या मित्राने भरून दिलेली ६० मिनिटांची कॅसेट. अल्बम ६५ मिनिटांचा! 'टू लिव्ह इज टू डाय' संपलं की टेप संपायची. शेवटचं 'डायर्स ईव्ह' मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. बेसचं म्हणाल तर, त्या टेपरेकॉर्डरवर कशाचाच बेस यायचा नाही.

पुणे
मी बेस वाजवतो. कॉलेजात या अल्बममधलं 'ब्लॅकन्ड' बसवायला घेतलं, तर वाजवायचं काय तेच कळेना. इक्वलायझरवर खालची बाजू चढवली की किक ड्रमच अंगावर यायचा. शेवटी गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) उचलला आणि तोच खालच्या सप्तकात वाजवला. पुढे चाहत्यांनी बेस वर आणून केलेली मिक्स ऐकली. न्यूस्टेडही बऱ्याच ठिकाणी गिटारवादक-गायक जेम्स हेटफिल्डच्या रिफला चिकटूनच वाजवतो. गिटारने खालची जागा आधीच अडवलेली, त्यात बेसही तेच वाजवणार, मग तो वेगळा उठून यायचा कसा? तरीही 'ब्लॅकन्ड'च्या रचनाकारांत न्यूस्टेडचं नाव आहे, आणि त्याच गाण्यात तो शोधावा लागतो, हे मला अजून पचलेलं नाही.

कोल्हापूर
३० ऑक्टोबर २०११, बंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. दोनच दिवसांपूर्वी मेटॅलिकाचा गुडगावचा शो रद्द झालेला, त्यामुळे चौघे स्टेजवर दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. याच अल्बममधलं 'वन' सुरू झालं आणि न्यूस्टेडनंतर आलेल्या रॉबर्ट ट्रुहियोचा बेस थेट छातीत बसला. हे गाणं इतकं भरीव आहे, हे त्या रात्री समजलं.

ठाणे
मी उलट बाजूचा. मला तो कोरडा, टोकदार आवाजच हवा. अन्याय, युद्ध, वेड यांवरची ही गाणी गुबगुबीत आवाजात शोभली नसती. २०१८च्या रीमास्टरमध्येही (आवाज सुधारून पुन्हा काढलेली आवृत्ती) मूळ मिक्स बदललं नाही, ते उत्तम झालं. कुणाकडे जुनी डबल एलपी (दोन तबकड्यांची रेकॉर्ड) असेल तर सांगा, तिच्यावर बेस थोडा तरी जास्त लागतो का?